सैल बॉबिन

मशीनवर रजई शिवताना खालचा दोरा संपला, तर मशीन तुम्हाला सांगायला येत नाही. ते चालतच राहतं. सुई वर-खाली होते, वरचा दोरा ऐटीत ओळीवर पडत जातो, पाय पायडलवर, मन भलतीकडे, आणि तुम्ही या काठापासून त्या काठापर्यंत अख्खी ओळ घालून मोकळ्या होता. टोकाला दोरा कापायला म्हणून हात घालावा, तर तो नुसता ओढला की सगळाच्या सगळा हातात येतो. खाली त्याला धरून ठेवणारं कोणी नसतंच. उरतात ती भोकं.

माझी मावशी अशा ओळीला 'पाहुणी टीप' म्हणते. आली, मिरवली, कामाला हात लावला नाही.

मावशी रजया शिवते. लग्न होऊन त्या घरात आली ती थेट मशीनवरच बसली, आणि याला आता बावीस वर्षं झाली. घराच्या पुढच्या खोलीत मधोमध एक लांब टेबल आहे आणि त्याच्या दोन टोकांना दोन मशिनी, समोरासमोर. कापूस सगळीकडे. भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळीवर. त्या घरात दिवसभर सगळे म्हातारे दिसतात आणि संध्याकाळी तोंड धुतलं की परत तरुण होतात. एका टोकाला मावशी बसते. दुसऱ्या टोकाला आधी तिच्या सासूबाई बसायच्या. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर त्या खिडकीजवळच्या खुर्चीत गेल्या आणि त्यांच्या मशीनवर धाकटी सून आली. तिला सगळे 'नवी' म्हणतात.

"सात वर्षं झाली!" मावशी म्हणते. "सात वर्षांत नवं भांडं काळं पडतं, नव्या चपलेला तीनदा तळ लावावा लागतो. ही आपली नवीच! आणि मी? मी आठव्या दिवशी 'मोठी' झाले. मोठी, जरा तो गठ्ठा उचल. मोठी, दार वाजलं बघ. मोठी होण्याआधी मला कोणी दोन महिने तरी नवी राहू द्यायचं होतं."

ही सगळी हकिकत सांगताना ती सासूबाई, नवी आणि स्वतः अशा तिघींचे आवाज काढते. स्वतःचा आवाज जरा जास्तच गोड काढते.

नवीची मुख्य भानगड म्हणजे तिचा कान. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी, संपायला आली की मशीनच्या पोटातला आवाज बदलतो म्हणे. भरलेली असताना तो ठाम असतो, संपत आली की जरा हलका होतो. हा फरक नवीला ऐकू यायचा. ओळीच्या टोकाला ती थांबायची, बॉबिन बाहेर काढायची, आणि तिच्यावर हातभर दोरा उरलेला असायचा. सात वर्षांत तिनं एकही पाहुणी टीप घातली नव्हती. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं.

"ताई, थांबा. तुमची बॉबिन संपली."

हे टेबलाच्या पलीकडच्या टोकावरून. स्वतःचं मशीन चालू असताना.

"कशावरून?" मावशीनं पाय न थांबवता विचारलं होतं.

"आवाज हलका झाला."

"मशीन माझं, पाय माझा, आणि आवाज तुला येतो?"

"बघा तर खरं."

बघितलं. संपली होती. अर्धी ओळ पाहुणी.

खिडकीजवळून सासूबाई म्हणाल्या, "असतो हो एकेकीला कान. देवाची देणगी."

"मग मला देवानं काय दिलंय, आई? कढईला असतात तशा दोन कड्या? धरून उचलायला?"

नवी खळखळून हसली. तेही मावशीला आवडलं नाही. विनोद मावशीचा, पण हसणाऱ्या नवीच्या गालाला खळी पडते, आणि बघणारा खळीच बघतो.

तशी नवी वाईट नव्हती, हेच तर दुखणं होतं. उद्धट असती तर भांडता आलं असतं. आळशी असती तर बोलता आलं असतं. ती सकाळी मावशीच्या आधी उठून पाणी तापवून ठेवायची. मावशी म्हणते, "गरम पाण्यानं आंघोळ करताना माझं अंग जळायचं, आणि पाणी तर बेताचंच तापलेलं असायचं."

तरी मावशीकडे एक गोष्ट होती जी नवीकडे नव्हती, आणि कधी येणारही नव्हती. सासरे.

सासरे घरोघर वर्तमानपत्रं टाकायचे. नवी त्या घरात आली त्याच्या वर्षभर आधी ते गेले. तिनं त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. मावशीनं मात्र चौदा वर्षं त्यांचे शर्ट धुतले, इस्त्री केले, दुरुस्त केले. पेपरांच्या पिशवीचा पट्टा डाव्या खांद्यावर यायचा, म्हणून प्रत्येक शर्ट आधी डाव्या खांद्यावर विरायचा. उजव्या बाहीला छपाईची शाई. कॉलर झिजली की मावशी ती उसवून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवायची. ते अकरा शर्ट ट्रंकेत ठेवलेले होते, आणि ट्रंकेची किल्ली सासूबाईंच्या उशीखाली.

एका सकाळी सासूबाईंनी ट्रंक उघडायला लावली.

"मला थंडी वाजते," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या बाजारच्या रजयांत ऊब नाही. यांच्या शर्टांची एक शिवायची. तुकडे जोडून, आत कापूस घालून, चांगल्या जवळजवळ ओळी टाकून."

मावशीचा हात तोपर्यंत ट्रंकेत गेलेला होता. वरचाच राखाडी शर्ट तिनं छातीशी धरला. मनात तुकड्यांची मांडणीसुद्धा सुरू झाली. पट्ट्यापट्ट्यांचा मधे, चौकटीचा...

"नवी शिवेल," सासूबाई म्हणाल्या.

मावशीनं शर्टाची घडी केली. नीट, चार कोपरे जुळवून. ट्रंकेवर ठेवला. "बरं," म्हणाली.

रात्रीचं जेवण तिनं नवऱ्याच्या पानात जवळजवळ आपटलं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"कुठं काय?"

"मग वाटी का उडाली?"

"तुमच्या वडिलांचे शर्ट ती शिवणार आहे. जिनं त्यांना जिवंत पाहिलं नाही!"

काका थोडा वेळ चावत राहिले. ते विचार करून बोलतात आणि तरी चुकीचंच बोलतात. "पण तिच्या ओळी सरळ येतात," ते म्हणाले.

त्यानंतर दोन दिवस त्या दोघांत फक्त मीठ आणि पाणी या विषयांवर बोलणं झालं.

नवी कामाला लागली. तिनं शर्ट टेबलावर पसरले, बटणं काढून वाटीत ठेवली, शिवणी उसवल्या. मावशी समोर बसून बाजारची रजई शिवत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून प्रत्येक कात्रीबरोबर आक्रसत होती. राखाडी शर्ट आला. नवीनं कॉलर उलटीपालटी करून पाहिली आणि हसली.

"अगंबाई, ही कॉलर कोणी शिवलीये? एक टोक उत्तरेला, एक दक्षिणेला! एखाद्या नवशिक्याकडून करून घेतली असणार."

मावशीचं मशीन एक टाका थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"असेल," ती म्हणाली.

आता थोडं बॉबिनीबद्दल. त्या घरात बॉबिन भरायचं चाक फक्त मावशीच्या मशीनवर धड होतं. नवीच्या मशीनचं कधीच मोडलेलं. म्हणून रोज सकाळी मावशी दोघींच्या बॉबिनी भरायची. लाल झाकणाच्या डब्यात आपल्या, पांढऱ्या झाकणाच्या डब्यात नवीच्या. भरताना रिळाचा दोरा आधी दोन छोट्या चकत्यांच्या मधून न्यायचा असतो. चकत्या त्याला दाबून धरतात, म्हणून तो बॉबिनीवर ताठ, घट्ट बसतो. दोरा चकत्यांना चुकवून तसाच नेला, तर बॉबिन सैल भरते. दिसायला तीही काठोकाठ भरलेली, उलट जरा जास्तच गुबगुबीत. पण सैल फेऱ्यांत दोरा कमी मावतो. घट्ट बॉबिन तीन ओळी चालते, सैल जेमतेम दोन. आणि सैल बॉबिन पहिल्यापासूनच मऊ, पोकळ आवाज करते. तिला ठाम आवाजच नसतो, मग तो हलका झालेला कळणार कसा?

कॉलरीचं बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं लाल डबा नेहमीसारखा भरला. मग पांढरा उघडला. दोरा हातात धरला. चकत्यांपाशी आली.

"मी काही ठरवून केलं नाही," ती मला म्हणाली होती. मग जरा थांबून, "पहिली बॉबिन ठरवून केली नाही. उरलेल्या सात ठरवून केल्या."

नवीनं तुकडे जोडले होते, खाली अस्तर, मधे कापूस, वर शर्ट असा थर टाचून घेतला होता. दुपारी तिनं ओळी घालायला घेतल्या. पहिली ओळ. दुसरी. तिसरीच्या शेवटी तिनं दोरा कापायला हात घातला आणि दोरा निघून हातात आला. काठापासून काठापर्यंत.

नवी तो दोरा बघत राहिली, जसं काही कोणी तिच्या ताटात दुसऱ्याचं उष्टं वाढलं होतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझी संपली होती."

"संपते कधी कधी."

"मला ऐकू आलं नाही."

"होतं. आम्हाला तर रोजच होतं."

मावशी सांगते, त्या क्षणी तिच्या पोटात जे काही गोड झालं ते गेल्या सात वर्षांत झालं नव्हतं. तिनं लगेच पुढची ओळ घातली, आणि ती चक्क सरळ आली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक पाहुणी. तिसऱ्या दिवशी दोन. नवी आता प्रत्येक ओळीला मान वाकडी करून, कान मशीनजवळ नेऊन शिवायला लागली. घरातल्यांना गप्प करायला लागली. काका शिंकले तर दचकायची. जितकं ती ऐकायला जाई, तितकं तिला काहीच ऐकू येईना. मग तिच्या सरळ ओळीसुद्धा डगमगायला लागल्या. पाचव्या दिवशी ती कानाच्या डॉक्टरकडे गेली.

"काय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाला, कान ठीक आहेत. मळ काढला थोडा."

"त्यांना काय कळतंय! इकडे ये, कोमट तेल घालते."

झालं. त्या दिवसापासून रोज दुपारी नवी सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी व्हायची, आणि सासूबाई तिच्या कानात तेलाचे थेंब सोडायच्या. केसांतून हात फिरवायच्या. मावशी टेबलाच्या टोकाला बसून बघायची. बावीस वर्षांत त्या मांडीवर तिचं डोकं एकदाही गेलं नव्हतं. एकदा तापानं फणफणली होती तेव्हा सासूबाईंनी लांबूनच विचारलं होतं, "उतरला का?"

"म्हणजे बघ हं," मावशी मला म्हणाली, "कान मी बिघडवला, आणि तेल तिला!"

पण खरं वाईट पुढेच होतं, आणि ते मावशीच्या आधी बोटांना कळलं. बाजारच्या नव्या कापडाला सुईची भोकं पडली तर नखानं चोळली की बुजतात. धागे टणक असतात, परत जागेवर येतात. शर्टांचं कापड शेकडो वेळा धुतलेलं, विरलेलं. रजईची जाड सुई त्यातून गेली की भोक ते भोकच. नवीनं एका पाहुण्या टिपेवर पुन्हा मशीन घातलं तेव्हा नवी भोकं जुन्यांच्या मधे पडली, आणि राखाडी तुकडा टपालाच्या तिकिटासारखा ओळीवरून फाटला. आवाजसुद्धा तसाच आला. टर्र.

त्या संध्याकाळी कोणी बघत नसताना मावशीनं रजई उलगडली. सहा ओळी नुसत्या भोकांच्या. एक राखाडीवरून गेलेली, एक पट्ट्यांवरून, एक डाव्या खांद्याच्या विरलेल्या तुकड्यावरून. उजेडासमोर धरली तर ओळीनं उजेडाचे ठिपके दिसत होते. तिनं त्या खांद्यावर हात ठेवला. इथं पट्टा यायचा. इथं तिनं आतून ठिगळ लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पांढऱ्या डब्यातल्या बॉबिनी घट्ट भरल्या. पण डब्यात सैल दोन उरल्या होत्या, आणि दिसायला सगळ्या बहिणी-बहिणी. नखानं दाबून निवडायला ती बसणार, तोच नवी आली आणि डबा घेऊन गेली.

दुपारी सातवी पाहुणी टीप पडली.

नवी उठली. रजईची गुंडाळी केली, टेबलाला वळसा घातला आणि ती मावशीच्या मशीनवर आणून ठेवली.

"ताई, तुम्ही शिवा. माझ्यानं होणार नाही. कपड्याची माती करतेय मी. कोणाच्या आठवणी, आणि माझ्या हातात..."

मावशीला जे हवं होतं ते समोर पडलं होतं. गुंडाळलेलं, आयतं, न मागता. तिनं हात पुढे केला. एवढंच करायचं होतं, 'ठेव तिकडे' म्हणायचं होतं.

आणि तेवढ्यात खिडकीजवळून सासूबाईंचा आवाज आला, अगदी भरून आलेला.

"बघ गं मोठी, बघ. याला म्हणतात मन! हातातलं काम स्वतः होऊन दुसरीला देऊन टाकलं. आपली चूक कबूल करायला किती मोठं काळीज लागतं! तुझ्याकडून झालं असतं का हे?"

मावशी म्हणते, तिनं दातावर दात दाबले होते. खरंच दाबले होते. पण ती इकडे पाप करून बसलेली, त्या पापावर रात्र-रात्र जागलेली, आणि त्याचंही पुण्य तिकडेच जाणार?

"तिची चूकच नाहीये!" मावशी ओरडली. "कसलं मोठं मन घेऊन बसलात! तिनं काय केलंय? काही नाही केलं! मी केलंय! मी सैल भरल्या बॉबिनी! आठच्या आठ! चकत्यांत घातलाच नाही दोरा!"

खोलीत कापूस उडायचा थांबला असावा.

सासूबाईंनी हात पुढे केला. नवीनं यंत्रासारखा पांढरा डबा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी एक बॉबिन घेतली, नखानं दाबली. ठेवली. दुसरी दाबली. तिसऱ्या बॉबिनीत नख आत रुतलं.

"म्हणजे," नवी म्हणाली, "माझा कान..."

"काही झालं नाही तुझ्या कानाला!"

"मी बहिरी होत नाहीये?"

"नाही!"

नवी हसायला लागली. तिचं हसणं थांबेपर्यंत डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि ते पुसून झाल्यावर तिचा चेहरा असा झाला जो मावशीनं सात वर्षांत पाहिला नव्हता. खळी वगैरे कुठेच नव्हती.

"आठ दिवस!" ती म्हणाली. "आठ दिवस मी रात्री घड्याळ कानाला लावून बघत होते, टिकटिक येते का! डॉक्टरनं कानात काय काय घातलं! तेलानं तीन उश्या खराब झाल्या! का केलंत असं? मी काय केलं होतं तुमचं?"

"कॉलर," मावशी म्हणाली.

"काय?"

"ती राखाडी कॉलर. उत्तर-दक्षिण. ती मी शिवली होती. लग्नानंतर पहिली. वाकडी झाली म्हणून मी उसवायला घेतली तर त्यांनी हिसकावून अंगात घातली. महिनाभर घालून फिरले. कोणी हसलं तर सांगायचे, कॉलर सरळ आहे, माझी मान वाकडी आहे. आणि खरंच मान वाकडी करून दाखवायचे. तू ती दोन कात्र्यांत उडवलीस. वर हसलीस."

नवी म्हणाली, "मला काय माहीत? तुम्ही म्हणालात का, ही माझी कॉलर आहे म्हणून? तुम्ही म्हणालात, 'असेल'!"

मावशी सासूबाईंकडे वळली. "आणि तुम्ही! चौदा वर्षं मी ते शर्ट हाताळले. मला का नाही दिलेत?"

इथं मावशी नेहमी जरा थांबते. ऐकणाऱ्याला वाटतं, आता म्हातारीचं काहीतरी गोड निघणार. मावशीलाही तेव्हा तसंच वाटलं होतं म्हणे.

"तुझ्या ओळी वाकड्या येतात," सासूबाई म्हणाल्या. "अंगावर घेऊन मला झोपायचंय. वाकड्या ओळीत कापूस एका बाजूला गोळा होतो, कुशीला टोचतो. मी बावीस वर्षं सांगते आहे, पाय सावकाश सोड. ऐकतेस?"

तेवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

आता प्रश्न होता भोकांचा. मशीन पुन्हा घालता येत नव्हतं. एकच उपाय होता: हातसुई घ्यायची, आणि पडलेल्या प्रत्येक भोकातून दोरा काढत, मागे-पुढे उलटी टीप घालत जायचं. सात ओळी. नवं भोक एकही पाडायचं नाही. फाटलेल्या राखाडीला आतून ठिगळ.

"ज्यानं पाडली, त्यानं भरावी," नवी म्हणाली. सरळ, डोळ्याला डोळा भिडवून. मावशीला ते एका परीनं बरं वाटलं. निदान भांडता येण्यासारखी झाली एकदाची.

मग त्या एकाच रजईवर दोघी बसल्या. नवी आपल्या टोकाला मशीनवर उरलेल्या ओळी घालायची, अधूनमधून थांबून म्हणायची, "संपत आली," आणि बॉबिन बदलायची. मावशी टेबलाच्या मधोमध स्टुलावर, चष्मा नाकावर, एकेक भोक शोधत. नवीच्या चार ओळी व्हायच्या तेवढ्यात मावशीची वीतभर. पहिले तीन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. सकाळी पाणी मात्र तापलेलं असायचं, आणि त्याचा मावशीला पूर्वीपेक्षा दुप्पट राग यायचा.

चौथ्या दिवशी नवीचं मशीन थांबलं.

"या चौकटीच्या तुकड्यावर तीन रफू आहेत," ती म्हणाली. "एकाशेजारी एक. कसले?"

मावशी सुईकडेच बघत राहिली.

"नका सांगू. मी आपलं विचारलं."

मावशीला सांगायचं नव्हतं. खरंच नव्हतं. नवीकडे कान होता, खळी होती, सरळ ओळी होत्या, सासूबाईंची मांडी होती. मावशीकडे हे अकरा शर्ट, आणि तेही आता कापून त्या रजईत गेलेले. त्यांच्या गोष्टी तेवढ्या राहिल्या होत्या. त्याही वाटून टाकायच्या? पण न सांगता गोष्ट ओठाशी धरून ठेवणं तिच्या स्वभावात नाही.

"मांजर," ती म्हणाली.

"काय?"

"पेपरच्या पिशवीत मांजराचं पिल्लू झोपलेलं. त्यांना पत्ता नाही. तिसऱ्या मजल्यावर पेपर म्हणून हात घालून पिल्लूच दिलं त्या बाईच्या हातात. ती किंचाळली, पिल्लू त्यांच्या छातीवर चढलं, आणि खाली उतरेना. तसेच सगळे पेपर टाकून घरी आले. शर्टात पिल्लू आणि तीन ओरखडे. ते रफू माझे."

नवी हसली. खळी पडली. मावशी म्हणते, तिनं पाहिली नाही.

"वाकडे नाहीयेत हे," नवी रफूवर बोट फिरवत म्हणाली.

"हातानं माझं काही वाकडं येत नाही. मशीनवरच येतं."

रजई पूर्ण झाली. सासूबाई रोज ती घेऊन झोपतात. कापूस कुठे गोळा होत नाही. मावशीच्या हातटिपा कोणत्या आणि नवीच्या मशीनटिपा कोणत्या, हे मावशीला अंधारातही सांगता येतं. सासूबाईंनी मात्र अजून कधी विचारलेलं नाही.

बॉबिनी अजूनही मावशीच भरते, दोघींच्या. घट्ट. आणि नवी पांढरा डबा उघडते, हाताला येईल ती बॉबिन उचलते आणि मशीनमधे टाकते. एकदाही नखानं दाबून बघत नाही. मावशीला हे सहन होत नाही. "अगं, बघावं ना एकदा तरी! एवढं वाईट केलं मी तिचं, आणि ही आपली बिनधास्त! हा मोठेपणा नाही तर काय? मुद्दाम करते."

पण तिची खरी तक्रार वेगळीच आहे. रजया न्यायला कोणी गिऱ्हाईक आलं, खिडकीजवळची ती शर्टांची रजई बघून कोणी काही विचारलं, की नवी सांगायला लागते. छान सांगते. हात हलवत, डोळे मोठे करत, मावशीपेक्षा दुप्पट रंगवून.

"हा तुकडा आहे ना, निळा, याची गंमत आहे. आमचे सासरे पेपर टाकायला गेले, आणि पिशवीत निघालं कुत्र्याचं पिल्लू..."

"मांजराचं!" टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून मावशी ओरडते. "आणि निळा नव्हे, चौकटीचा! निळा तर ते पुरात पेपर डोक्यावर धरून गेले तेव्हाचा!"

"अय्या, पुरात? कधी?" नवी विचारते. गिऱ्हाईकही वळून बघतं. आणि मावशीला मशीन थांबवून निळ्याची गोष्ट सांगावीच लागते, कारण चुकीची कशी राहू द्यायची?

पुढच्या खेपेला नवी निळ्याची बरोबर सांगते आणि पट्ट्यांच्या शर्टाची चुकवते.

असं करत करत सहा शर्टांच्या गोष्टी सांगून झाल्या आहेत. पाच उरलेत. मावशीला आता दाट संशय आहे.

"मला सांग," परवा ती दोरा दातानं तोडत मला म्हणाली, "जिला सात वर्षं एकेक बॉबिन कधी संपते ते नुसतं ऐकून कळत होतं, तिला एका शर्टाचा रंग लक्षात राहत नाही होय?"